गाडी उभी राहते, पण थांबत नाही : कोकण रेल्वेच्या मार्गाचे आणि थांब्यांचे प्रकरण

रेल्वेने राजापूरला निघालेला माणूस राजापुरात उतरत नाही, राजापूर रोडला उतरतो. तिथून राजापूर पंधराएक किलोमीटर. सावंतवाडी रोड म्हणजे प्रत्यक्षात मळगाव. वैभववाडीपुढे रोड, संगमेश्वरापुढे रोड, गोरेगावापुढे रोड. रेल्वेच्या बोलीत गावाच्या नावाला ‘रोड’ चिकटला की समजून घ्यायचे, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे. पहाटे चारला दोन बॅगा, एक पिशवी आणि एक झोपलेले पोर घेऊन फलाटावर उतरलात की हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या एसटीला अजून अवकाश असतो, आणि बाहेरच्या रिक्षावाल्याला ते तुमच्याइतकेच ठाऊक असते.

रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. कोकण रेल्वेच्या बांधकामाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच आहे. मला इथे वेगळी गोष्ट पाहायची आहे. मार्ग कुठून न्यायचा हे एकदाच ठरले, तेही फार थोड्या वर्षांत. गाडी कुठे थांबवायची हे मात्र पंचवीस वर्षे उलटली तरी ठरतेच आहे. निवेदने, उपोषणे, रेल रोको, खासदारांची पत्रे, सगळे थांब्यांसाठी. माझे म्हणणे असे की थांब्यांची ही भांडणे मुळात मार्गाच्या आणि एकेरी रुळाच्या निर्णयातून आलेली आहेत, आणि ती सुटी सुटी सोडवायला गेले की सुटत नाहीत.

होड्यांसाठी वसलेली गावे

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य घातले, बॅरिस्टर नाथ पै संसदेत बोलत राहिले, त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेले मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तरी मुंबईकडून येणारा रूळ रोह्यापर्यंत पोचायला १९८६ उजाडले. पुढचे मात्र भराभर घडले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे सहा-सहा. उरलेला पैसा रोख्यांतून, म्हणजे कर्जातून. ही कर्जाची बाब लक्षात ठेवा. कर्ज फेडायचे तर लांब पल्ल्याची वाहतूक हवी, आणि मुंबई-मंगळूर हे रेल्वेचे अंतर या मार्गामुळे हजार किलोमीटरहून जास्त कमी होणार होते. म्हणजे कोकणी माणूस मागत होता गावची गाडी, आणि हिशेब जुळत होता तो केरळ-कर्नाटकाच्या गाडीवर.

आता जमीन पाहा. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी. समुद्राच्या कडेने जावे तर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली यांच्या खाड्या रुंदावत गेलेल्या. घाटाच्या पायथ्याने जावे तर डोंगराच्या सोंडा आडव्या. मधून जायचे ठरले. पण मधूनही रूळ रस्त्यासारखा जाऊ शकत नाही. मुंबई-गोवा महामार्ग प्रत्येक सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, चढतो आणि प्रत्येक नदीवर उतरतो. या मार्गासाठी चढ ठरवला होता १५० मीटरला एक मीटर. बोरघाटात तो ३७ला एक आहे, आणि तिथे गाडीला मागून इंजिन लावावे लागते. वळणेही सौम्य, १,२५० मीटर त्रिज्येची, म्हणजे पुढेमागे १६० किलोमीटरच्या वेगाने गाडी धावू शकेल अशी. एवढे सौम्य वळण आणि एवढा कमी चढ हवा असेल तर डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, दुसरा इलाज नाही.

स्थानकाला त्याहून अडचण. चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. तेवढी सरळ आणि जवळजवळ सपाट जागा हवी, शिवाय शेजारी दुसऱ्या गाडीला उभे राहायला लूप, म्हणजे बाजूचा रूळ. कोकणात अशी जागा मिळते ती कातळसड्यावर नाहीतर खोल कटिंग करून. आणि कोकणातली जुनी गावे सड्यावर नाहीत. राजापूर अर्जुनेच्या काठी आहे ते एकेकाळी बंदरातला माल होड्यांनी तिथवर यायचा म्हणून. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली तीही त्याचसाठी. संगमेश्वर शास्त्रीच्या काठी, चिपळूण वाशिष्ठीच्या. दर पावसाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरते, यावरून ते किती खाली वसले आहे याचा अंदाज यावा. गावे होड्यांनी वसवली, स्थानके बोगद्यांच्या उंचीने ठरवली. दोघांची गाठ पडायची कशी? चिपळूणला नशिबाने पडली, शहराच्या अंगाला वालोप्यात स्थानक आले. महाडला स्थानकच नाही, महाडकर वीरला जातात. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण, म्हणून मार्ग संगमेश्वर सोडल्यावर पश्चिमेकडे वळतो. त्याच टप्प्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे आणि रत्नागिरी सोडल्यावर लगेच ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल. एवढे सायास करूनही स्थानक शहरात नाही, कुवारबावला आहे.

गुहागर, दापोली, मंडणगड, देवगड, मालवण, वेंगुर्ले. रत्नागिरी सोडले तर या पट्ट्यात किनाऱ्यावरचे किंवा किनाऱ्याजवळचे एकही तालुक्याचे गाव रुळावर नाही. ‘सिंधुदुर्ग’ नावाच्या स्थानकावर उतरून किल्ला शोधणारा पर्यटक अजूनही भेटतो. ते स्थानक ओरोसचे, जिल्हा मुख्यालयाचे. किल्ला मालवणच्या समुद्रात.

गोव्यातला वाद

मार्ग बदला अशी मागणी संघटितपणे झाली ती गोव्यात. आखणी पेडणे, थिवी, करमळी, वेर्णे, मडगाव अशी किनाऱ्याकडच्या दाट वस्तीच्या पट्ट्यातून होती. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की भरावामुळे खाजण शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, भरती-ओहोटीचे पाणी अडेल, जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का लागेल, घरे जातील. रेल्वे आतल्या बाजूने, डोंगराकडच्या तालुक्यांतून न्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. आंदोलन थांबले नाही. १९९३ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला, काम काही काळ थंडावले, आणि शेवटी मूळ आखणीच कायम राहिली.

या वादात मला दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या पटतात. खाजण म्हणजे नुसती पाणथळ जमीन नव्हे. बांध, मानस (म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) आणि भरतीचे वेळापत्रक यांवर शेकडो वर्षे चाललेली ती एक व्यवस्था आहे. तिच्यातून भराव टाकून जाणे म्हणजे चालत्या यंत्रात पहार घालणे. पण आतून नेली असती तर गोव्याच्या बहुतेक माणसांना ‘रोड’च मिळाला असता. म्हापशाला थिवी आणि पणजीला करमळी हेही फार जवळ नाहीच, तरी रिक्षाच्या आवाक्यातले आहे. अर्थात किनारपट्टीचा मार्ग निवडला म्हणून जमीन सरळ वागली असे नाही. पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाण्याने फुगलेली माती लागली, ती वारंवार ढासळली, आणि २६ जानेवारी १९९८ला मार्गाचे लोकार्पण झाले तरी मुंबईहून सलग प्रवासी वाहतुकीला मे महिना उजाडला. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी घुसून गाड्या खोळंबल्या होत्या.

एकेरी रुळावर थांबा म्हणजे काय

थांब्याची मागणी करणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे.’ तो दोन मिनिटांचा नसतो. शंभरच्या वेगातली गाडी थांबवायला, दोन मिनिटे उभी करायला आणि पुन्हा वेगात आणायला मिळून पाच-सहा मिनिटे जातात. दुहेरी मार्गावर तेवढ्यावर भागले असते. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर हा सत्तेचाळीसेक किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यापुढे एकच रूळ.

एकेरी रुळावर दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. समोरून येणारी पलीकडच्या स्थानकात लूपवर उभी. समजा दोन स्थानकांत पंधरा किलोमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी साठने येते आहे, तर पलीकडची पंधरा मिनिटे तर थांबणारच, वर सिग्नल, काटे बदलणे, सुटणे. आता तुमच्या गाडीला अलीकडे एक नवा थांबा दिला आणि ती सहा मिनिटे उशिरा आली, तर समोरची सहा मिनिटे जास्त उभी. ती पुढच्या क्रॉसिंगला, म्हणजे गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागी, सहा मिनिटे उशिरा, तिची वाट पाहणारी तिसरी आणखी उशिरा. वेळापत्रक करणारा आलेखावर तिरप्या रेघा मारत बसतो त्या याचसाठी. एक रेघ सरकवली की बाकीच्या सरकतात. म्हणून मला वाटते, थांबा नाकारणारा अधिकारी दर वेळी निष्ठुर असतोच असे नाही. तो फक्त समजावून सांगत नाही. ‘व्यवहार्य नाही’ एवढे एका ओळीत लिहून मोकळा होतो, आणि मग गावाला वाटते की आपल्याला मोजलेच नाही.

या कोंडीवर खरा उतारा थांब्यांचा नव्हता, क्रॉसिंगचा होता. अलीकडच्या काही वर्षांत कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे, सापे वामने अशी नवी स्थानके मधे घातली गेली. अंतर अर्ध्यावर आले की वाट पाहण्याची वेळही अर्ध्यावर येते. यात गंमत अशी की ही स्थानके मुख्यतः गाड्यांसाठी आहेत, माणसांसाठी नंतर. तिथे गाड्या उभ्या राहतात, पण त्यातल्या बहुतेकींचा तो थांबा नसतो. रेल्वेच्या हिशेबी ते ‘क्रॉसिंग’. दार उघडे, फलाट समोर, गाडी वीस मिनिटे हललेली नाही, आणि तिकीटघरात मात्र त्या गाडीचे तिकीट मिळत नाही. वर्षानुवर्षे ‘आमच्याकडे गाडी थांबवा’ म्हणणाऱ्या गावाला हे रोज डोळ्यांनी पाहावे लागते.

दुसरी एक बाब बातम्यांत कधी येत नाही. थांबा मिळाला तरी त्या स्थानकाला आरक्षणाचा कोटा मिळतो का? केरळहून येणारी लांब पल्ल्याची गाडी तुमच्या स्थानकात येते तेव्हा आधीच भरलेली असते. संगमेश्वरकरांनी नेत्रावती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि थांबा मिळवला. मिळवला ते चांगलेच झाले. पण ज्या गाडीत जागा दुसऱ्यांच्या, तिच्या थांब्याचा उपयोग उतरणाऱ्याला जास्त, चढणाऱ्याला कमी. म्हणून सावंतवाडीला टर्मिनस हवे ही मागणी मला थांब्याच्या मागणीपेक्षा शहाणपणाची वाटते. जिथून गाडी सुटते तिथल्या माणसाला जागा मिळते. २०१५ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना तिथे भूमिपूजन झाले. काम त्यानंतर वर्षानुवर्षे रखडले.

सतरा तासांचा दिवस

आता मुंबई-मडगाव वंदे भारतकडे येऊ, कारण या प्रकरणातले सगळे धागे तिच्यात एकत्र सापडतात. ३ जूनला ती निघायची होती. आदल्या संध्याकाळी ओडिशात बालासोरचा रेल्वे अपघात झाला आणि कार्यक्रम पुढे गेला. २७ जून २०२३ला निघाली. थांबे दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली, थिवी, मग मडगाव. लगेच चिपळुणात नाराजी, कुडाळात नाराजी, सावंतवाडीत नाराजी. खेडपेक्षा चिपळूण कितीतरी मोठे, आणि दोघांत अंतर तीसेक किलोमीटरचे. मग खेड का?

वेळापत्रकापासून सुरुवात करू. पावसाळा सोडून ही गाडी पहाटे ५.२५ला सीएसएमटीहून निघून दुपारी १.१०ला मडगावला पोचावी, २.४०ला तीच गाडी परत निघून रात्री १०.२५ला मुंबईत यावी अशी आखणी होती. पावणेआठ तास जायला, पावणेआठ यायला, मधे दीड तास झाडलोट आणि पाणी भरायला. एकच गाडी, एकच दिवस, सतरा तास. यात एक थांबा वाढवला की जाता-येता मिळून बारा मिनिटे. चिपळूण आणि सावंतवाडी दोन्ही दिले तर चोवीस. चोवीस मिनिटांनी आभाळ कोसळत नाही, मडगावचा दीड तास थोडा आखडता येतो. पण मग कुडाळ काय म्हणेल, माणगाव काय म्हणेल? एकाला दिले की रांग लागते, हे रेल्वेला माहीत आहे आणि रांगेतल्यांनाही.

पावसाळ्यात हा सतरा तासांचा हिशेबच मोडतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. तेव्हापासून पावसाळ्यात वेग बांधलेला असतो, जोराचा पाऊस असेल तर ताशी चाळीसपर्यंत खाली. अनेक वर्षे हे वेगळे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केले. या काळात वंदे भारतला मडगाव गाठायला दहा तास लागतात. म्हणजे त्याच दिवशी परत येणे नाही. म्हणून सहा दिवसांची गाडी तीन दिवसांची होते, एक दिवस जाते आणि दुसऱ्या दिवशी येते. १६० किलोमीटरच्या वेगाची स्वप्ने पाहून आखलेल्या रुळावर, श्रावणातल्या एखाद्या दुपारी, लोको पायलट समोरच्या कटिंगवर नजर ठेवून गाडी एसटीच्या वेगाने नेतो. त्याला कुणी दोष देणार नाही.

खेडबद्दल माझे मत असे. खेडला दापोली आणि मंडणगड हे दोन तालुके येऊन मिळतात, ज्यांना दुसरे जवळचे स्थानक नाही. चिपळूणला गुहागर मिळते, शिवाय तिथे आधीपासून थांबणाऱ्या गाड्या जास्त. म्हणून एकट्या वंदे भारतकडे पाहिले तर निवड विचित्र दिसते, तीन गाड्या शेजारी ठेवल्या तर कमी विचित्र. जनशताब्दी चिपळूण घेते. २०१७ मध्ये तेजस सुरू झाली तेव्हा पनवेल सोडल्यावर तळकोकणापर्यंत तिला रत्नागिरी आणि कुडाळ एवढेच थांबे होते. वंदे भारतने खेड आणि कणकवली घेतले. आलटून-पालटून थांबे देण्याची ही रीत मुळात चांगली आहे. प्रत्येक गाडी वेगवान राहते आणि प्रत्येक गावाला एक तरी गाडी मिळते.

पण ती रीत वेगवेगळ्या वेळच्या गाड्यांना लागू पडते. इथे जनशताब्दी सुटत होती पहाटे ५.१०ला, वंदे भारत ५.२५ला, तेजस ५.५०ला. चाळीस मिनिटांत तीन जलद गाड्या एकामागोमाग, तिन्ही मडगावला. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे, मुंबईच्या लोकलची गर्दी सुरू व्हायच्या आत पनवेल गाठायचे असते. मात्र सकाळी दहाला परळहून निघू शकणाऱ्या माणसासाठी त्यांतली एकही नाही. चिपळूणकराची तक्रार ‘वंदे भारत थांबत नाही’ या शब्दांत येते. मला ती मुळात वेळेची तक्रार वाटते. त्याला पंधरा मिनिटे आधीची जनशताब्दी आहेच. नाही ती दुपारची अशी जलद गाडी.

दिव्याची गाडी

जलद गाड्यांच्या थांब्यांवर एवढी शाई सांडते, पण कोकणातला मोठा वर्ग त्या गाड्यांनी जातच नाही. तो जातो ठाण्यापुढच्या दिव्याहून सुटणाऱ्या दिवा-सावंतवाडीने, रत्नागिरी पॅसेंजरने, नाहीतर तुतारी एक्सप्रेसने. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, कोविडच्या काळानंतर ती दिव्याहून सुटू लागली. नकाशावर हा बदल थोड्या किलोमीटरांचा. लालबागच्या खोलीतून गणपतीला निघालेल्या कुटुंबासाठी मात्र आधी लोकलने सामानासकट दिवा, मग तिथे जागा धरण्याची झटापट. गाडी कुठे थांबते याइतकेच ती कुठून निघते हेही थांब्यांच्या प्रश्नात मोजले पाहिजे, आणि ते मोजले जात नाही.

गेल्या मे महिन्यात मी दिवा गाडीने सावंतवाडीला जात होतो. रत्नागिरीच्या पुढे एका छोट्या स्थानकात गाडी लूपवर घेतली. बाहेर जांभ्याची कटिंग, तिच्या माथ्यावर काजूची दोन झाडे. डब्यातले लोक खाली उतरले, कुणी नळावर बाटल्या भरल्या, एकीने फलाटावर फडके पसरून आंबे मांडले. समोरच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, ‘आता ती पांढरी जाईल, मग आपली.’ दहा मिनिटांनी सिग्नल पडला, आजींनी खिडकीतून हात आत घेतला, आणि पांढरी गाडी भिंतीसारखी सरसर निघून गेली. तिचे दार, तिचा माणूस, काहीच नीट दिसले नाही. आंबेवालीने उडालेले फडके पुन्हा सारखे केले. गाडी सुटायला आणखी आठ मिनिटे होती. तेवढ्यात एक माणूस सायकल हातात धरून फलाटावर आला, गार्डाकडे गेला आणि विचारू लागला, ‘साहेब, हिचं तिकीट इथे कधीपासून मिळेल?’